फ्रिट्झचा हार्ट अटॅक: टीव्ही रेसलिंगमधली सगळ्यात वाईट स्टोरी कुठली?

केबलवाला_पोरगा
सध्या जिम कॉर्नेटच्या स्मोकी माउंटन रेसलिंगचे जुने भाग बघतोय. टेनेसीतली छोटी कंपनी, १९९१ ते ९५. १९९४ मध्ये न्यू जॅक आणि मुस्तफा हे दोघे कृष्णवर्णीय 'गँगस्टाज' येतात, समोर बहुतेक गोरं पब्लिक. यांना चक्क आरक्षणासारखी सवलत: बाकीच्यांना पिन करायला, म्हणजे समोरच्याचे खांदे टेकवून जिंकायला, तीन मोजावे लागतात, यांना दोनच! हे टीव्हीवर चाललं कसं? याहून वाईट कुणी केलंय?

लाल_आखाडा
ईसीडब्ल्यू ही रेसलिंग कंपनी, फिलाडेल्फिया, ऑक्टोबर १९९६. रेव्हन नावाच्या रेसलरने सँडमन या दुसऱ्या रेसलरला क्रुसावर बांधलं. प्रेक्षकांत खऱ्या कुस्तीतला कर्ट अँगल होता, अटलांटा ऑलिंपिकचं सुवर्णपदक नुकतंच घेतलेला. भडकून निघून गेला. रेव्हनला त्याच रात्री रिंगमध्ये येऊन माफी मागायला लावली.

डॅलसकर
गँगस्टाज शिव्या खायलाच आले होते राव, आणि त्यांना त्या मिळाल्या. क्रुसाचंही तेच, एका रात्रीत निपटलं. माझं मत आमच्या डॅलसच्या वर्ल्ड क्लास या रेसलिंग कंपनीला.

मालक फ्रिट्झ व्हॉन एरिक. खरं नाव जॅक अ‍ॅडकिसन, जर्मनीशी संबंध फक्त सोंगापुरता. रिंगमधली पोरं मात्र सख्खी, आणि गावाची लाडकी. थोरला १९५९ मध्ये लहानपणीच गेला. डेव्हिड १९८४ मध्ये टोकियोत गेला, तर त्याच्या नावाने टेक्सास स्टेडियम भरवलं. आजारातून कसाबसा उठलेल्या माइकला पुन्हा रिंगमध्ये उतरवलं. एप्रिल १९८७ मध्ये त्याने आत्महत्या केली. मग स्मृतिदिनाच्या शोवर डेव्हिडशेजारी त्याचंही नाव चढलं.

आणि त्याच वर्षी नाताळला टेरी गॉर्डी हा खलनायक रेसलर आणि मंडळींनी फ्रिट्झला बडवलं, फ्रिट्झ कोसळला. हार्ट अटॅक. सगळं खोटं! माझा ऑफिसातला एक सहकारी इथलाच वाढलेला. त्याच्या आईने चर्चमध्ये फ्रिट्झसाठी प्रार्थना करायला लावली होती. ज्या घरात खरोखर एवढे मृत्यू झालेत, तिथला अटॅक खोटा असेल असं त्या बाईला कसं वाटणार? नुरा कुस्ती सगळ्यांना माहीत असते, तिचं कुणाला काही वाटत नाही. पण पब्लिकने खरंखुरं केलेलं सांत्वन तिकीटबारीवर वटवायचं, हे मला अजून पटत नाही.

लाल_आखाडा
त्याआधी लान्स नावाचा खोटा चुलतभाऊ पण आणला होता ना?

डॅलसकर
हो, १९८५ मध्ये. तो कंपनी सोडून गेल्यावर फ्रिट्झनेच टीव्हीवर सांगितलं, हा आमचा नव्हेच. मग दोन वर्षं काय झोपला होतास?

केबलवाला_पोरगा
आता वर्ल्ड क्लास बघावंसंच वाटेना.

डॅलसकर
अरे बघ की. नाताळ १९८२ पासून धर, गॉर्डी रिंगभोवतीच्या पिंजऱ्याचं दार फ्रिट्झच्या पोराच्या, केरीच्या डोक्यावर आपटतो तिथून. तोच गॉर्डी, आणि सणही तोच. पण ती मारामारी कसली जबरदस्त रंगलीय! १९८४ पर्यंत बघ, पुढचं तुझ्या जबाबदारीवर.