मदत हवी आहे: ब्लू नोटच्या एलपीवर ‘कान’ नाही, मग पहिलं प्रेसिंग कसं?

ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीची, ऑर्गनवादक जिमी स्मिथची ‘बॅक अ‍ॅट द चिकन शॅक’ (कॅटलॉग क्रमांक बीएलपी ४११७, मोनो) विकत घ्यायचा विचार आहे. ध्वनिमुद्रण १९६०चं, एलपी आली १९६३ मध्ये. विक्रेता पहिलं प्रेसिंग (म्हणजे पहिल्या छपाईतली प्रत) म्हणतोय आणि किंमतही तशीच सांगतोय.

रेकॉर्ड हातात घेऊन पाहिली आहे. दोन्ही लेबलांवर ‘न्यूयॉर्क यूएसए’. कव्हरवर ४३ वेस्ट ६१वा रस्ता हा जुना पत्ता. लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत ध्वनिमुद्रक व्हॅन गेल्डरचा शिक्काही आहे. पण तेव्हा ब्लू नोटच्या रेकॉर्ड छापणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याची कानासारखी खूण नाही. टॉर्च तिरपा धरून दोन्ही बाजू तपासल्या, काहीच नाही.

१९६६ मध्ये लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने ब्लू नोट विकत घेतल्यावर उरलेली जुनी लेबलं आणि कव्हरं वापरली गेली, हे माहीत आहे. म्हणून लेबलावर माझा भरवसा नाही. आतलं पाकीट साधं पांढरं, बहुधा नंतर बदललेलं, त्यामुळे तोही पुरावा गेला.

ऐकायला सुरेख आहे. टरेंटाइनचा सॅक्स तर समोर उभा राहतो. ‘सरळ नवी आवृत्ती घे’ असं कृपया सांगू नका, ती घरी आहे! विक्रेता परत घेणार नाही, म्हणून आधीच विचारतोय.

कान नसलेली ४११७ लिबर्टीच्या आधीची असू शकते का? आणि कव्हर मुळात याच तबकडीचं आहे की मागाहून जोडलंय, हे कशावरून ओळखायचं?