तोट्यातल्या कंपनीतून भागधारक बाहेर पडताना : मूल्य, किंमत, मूल्यांकन

अनुवादक : एका फाउंड्रीचा (धातू ओतकामाच्या कारखान्याचा) समझोता-करार मराठीत करतो आहे. खाजगी मर्यादित कंपनी, तीन भागधारक, धंदा तोट्यात, त्यातला एक बाहेर पडतोय. मसुद्यात बुक व्हॅल्यू, फेअर व्हॅल्यू, लिक्विडेशन व्हॅल्यू असे तिन्ही शब्द आहेत. तिन्हींना 'किंमत' चालेल का? आणि व्हॅल्युएशनला मूल्यांकन म्हणू की मूल्यमापन?

सीए, कोल्हापूर : 'मूल्यमापन' परीक्षा आणि योजनांसाठी राहू द्या. पैशातला आकडा काढायचा असेल तर 'मूल्यांकन'. 'किंमत' म्हणजे व्यवहारात प्रत्यक्ष हातात पडणारी रक्कम. तिन्हींना किंमत म्हटलंत तर भांडणाला आयतं कारण मिळेल.

समजा, ताळेबंदात मालमत्ता २ कोटी ४० लाख आणि देणी १ कोटी ९० लाख. मग पुस्तकी मूल्य ५० लाख, आणि ३० टक्केवाल्याच्या वाट्याला १५ लाख. आता तीच फाउंड्री बंद करून विकायला काढा. घसारा वजा करून ४० लाखांना दाखवलेलं मोल्डिंग मशीन भंगारवाला १२ लाखांना मागतो. साचे तर बहुतेकदा गिऱ्हाइकाच्या मालकीचे, ते परत जातात. जुनी येणी निम्मीही वसूल होत नाहीत. सगळं मिळून १ कोटी ३० लाख आले, तर देणीच फिटत नाहीत आणि भागाचं मूल्य शून्यावर येतं. राहणारे हाच आकडा धरून बसतात, जाणारा पुस्तकी धरतो. म्हणून करारात नुसतं 'मूल्यांकन करून' असं कधीही लिहू नका. 'चालू व्यवसाय म्हणून वाजवी मूल्य' की 'अवसायन मूल्य' (लिक्विडेशन व्हॅल्यू, धंदा बंद करून विकल्यावरचं), हे लिहा, आणि कोणत्या तारखेचं तेही. हातात मोठी ऑर्डर येण्याआधीची तारीख की नंतरची, यावर आकडा फिरतो.

अनुवादक : अवसायन की परिसमापन?

वकील, पुणे : दोन्ही बरोबर. महाराष्ट्रात सहकारी संस्थांमुळे 'अवसायक' (संस्था गुंडाळणारा अधिकारी) लोकांच्या कानावर आहे, म्हणून मी अवसायन घेईन. बोलताना आमचे पक्षकार 'मोडीचा भाव' म्हणतात, तोही अर्थ चोख आहे.

'भागीदार' मात्र टाळा. तो शब्द भागीदारी संस्थेचा, १९३२ च्या कायद्याखालचा. कंपनीत 'भागधारक'. वाद राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेला, तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४२ खाली एकाचे भाग इतरांनी किंवा कंपनीने विकत घ्यावेत असा आदेश होऊ शकतो. त्या कायद्याखालच्या मूल्यांकनासाठी कलम २४७ मध्ये नोंदणीकृत मूल्यांकक आहे. 'मूल्यांकक' लिहा, 'मूल्यांकनकार' नको.

सीए, कोल्हापूर : एक शब्द मसुद्यात नसेल तर घालायला सांगा : 'हमीमुक्ती'. भाग विकले म्हणून बँकेला दिलेली वैयक्तिक हमी आपोआप सुटत नाही. भागाचे पैसे शून्य आणि डोक्यावर कर्जाची हमी, अशा अवस्थेत माणसं बाहेर पडतात, याचं फार वाईट वाटतं. बँकेचं लेखी हमीमुक्तीपत्र हाती आल्यावरच भाग हस्तांतरित होतील, असं कलम हवं.

अनुवादक : मसुद्यात हमीचा उल्लेखच नाही. आजच कळवतो.