मदत हवी आहे: वाचनगटासाठी एकाच पुस्तकाच्या आठ प्रती कशा मिळवायच्या?

लहान गावात नव्याने आलेल्यांना ओळखी व्हायला ग्रंथालयातला वाचनगट सगळ्यात सोपा. घोडं अडतं ते प्रतींवर: कपाटात एक, वाचणारे आठ. बाकीच्या प्रती आंतरग्रंथालय देवघेवीतून, म्हणजे आपल्या ग्रंथालयामार्फत दुसऱ्या ग्रंथालयांकडून, मागवता येतात. पण त्या अर्जात 13 अंकी आयएसबीएन (पुस्तकाच्या त्या आवृत्तीचा ओळख क्रमांक) आणि आवृत्तीचं वर्ष नीट लिहिलं नाही, तर भलतीच आवृत्ती येते आणि निम्मी चर्चा ‘तुमचं कितवं पान?’ यातच जाते. शिवाय मुदत ठरवतं पुस्तक देणारं ग्रंथालय. चार ठिकाणांहून प्रती आल्या की परतीच्या तारखा चार, मुदतवाढ बहुधा नाहीच.

अख्खा संच एकाच तारखेने कुणी मागवला आहे का? अर्ज बैठकीच्या किती आठवडे आधी टाकता? आणि प्रत हरवली तर भरपाई कार्डधारकाची की गटाची?