अनुभव धागा: एका डोळ्याच्या गाड्या आणि सारखे जाणारे दिवे

खानापूरकर: पाऊस लागला की चोर्ला घाटातल्या धुक्यात समोरून एकच दिवा येतो. दुचाकी समजून आपण बाजू सोडत नाही, आणि जवळ आल्यावर कळतं की अख्खी गाडी आहे. म्हणून धागा काढला. कळतंय त्यांनी लिहा.
एकाच बाजूचा हेडलाइट पुन्हापुन्हा जात असेल तर बल्बला बोल लावू नका, होल्डर काढून बघा. एच४ म्हणजे आपला नेहमीचा हेडलाइटचा बल्ब, त्याच्या तीन पिनांपैकी एखादी निळीकाळी पडलीय, भोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन ठिसूळ झालंय, म्हणजे पिन सैल आहे आणि तिथंच तापतंय. होल्डर वायरच्या तुकड्यासकट बदला, सिरॅमिकचा घ्या.

टिळकवाडी: आणि नवा बल्ब घालताना त्याच्या काचेला बोट नको. बोटाचं तेल राहिलं तर काच तिथंच जास्त तापते. लागलंच तर स्पिरिटनं पुसा.

चिक्कोडी_वायरिंग: होल्डर जळायचं खरं कारण १००/९० चे बल्ब, म्हणजे अप्परला १०० वॅट, डिपरला ९०. कंपनीचा ६०/५५ असतो. १०० वॅट म्हणजे एका बल्बला आठ अँपिअरच्या वर, वायर आणि स्विच तेवढ्यासाठी केलेलेच नसतात. बल्ब ६०/५५ चाच ठेवा आणि रिले किट घाला, म्हणजे दिव्याचा करंट स्विचमधून न जाता रिलेतून जातो. बॅटरीपासून सरळ जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज. तेवढ्यानंही उजेड वाढतो.

अनगोळ_पोरगा: ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद होतो. बल्ब दोनदा बदलले. आत्ता काय करू?

चिक्कोडी_वायरिंग: अर्थिंग रे बाबा, करंट परत जायचा रस्ता! डिकीत टेललाइटच्या मागं पत्र्याला स्क्रूनं आवळलेली वायर असते, ती सोड. खाली गंज दिसेल. काचपेपरनं पत्रा चकचकीत कर, परत घट्ट आवळ, वरून व्हॅसलीन लाव. मग दिवे लावून मल्टिमीटरचं एक टोक होल्डरच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थ अजून खराबच समज.

निपाणीकर काका: दोन्ही बाजूचे बल्ब लागोपाठ उडत असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज बघा. साधारण १४ च्या आसपास पाहिजे. १५ च्या वर गेलं तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्याचा) व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर गेलाय.

अथणीवाला: गाड्यांचं सोडा, उसाच्या ट्रॉल्यांना मागं एकही दिवा नसतो. हंगामात रात्री फार भीती वाटते.

निपाणीकर काका: खरं आहे. ट्रॅक्टरवरून ट्रॉलीच्या दिव्यांना करंट देणारा सात पिनांचा सॉकेट बसवायला जड नाही, पण शेतात ट्रॉली सोडताना वायर हिसका बसून तुटते. सॉकेटजवळ हातभर वायर सैल ठेवून बांधायची. आणि रिफ्लेक्टर पट्टी तरी लावा की, मागं लाल, बाजूला पिवळी. चिखल पुसायला विसरू नका.

टिळकवाडी: गाडी बंद करूनही ब्रेकलाइट पेटलेलीच असेल तर पायाखालच्या मॅटवर रबराचा चुरा पडलाय का बघा. पेडलवरचा स्टॉपर तुटतो, मग स्विचचं बटण दाबलंच जात नाही. छोटासा तुकडा, पण रात्रीत बॅटरी उतरवतो.

खानापूरकर: चोर्ला सुरू आहे का कुणाला ठाऊक?

अनगोळ_पोरगा: अण्णा, गंज निघाला ढीगभर! इंडिकेटर लखलखीत. पण एलईडी बल्ब घातलेली बाजू भराभर लुकलुकते.

चिक्कोडी_वायरिंग: एलईडी करंट कमी ओढते, फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, वाटतं बल्ब गेला. साधा २१ वॅटचा घाल परत.