माहेर शाफई, सासर हनफी: अकराव्या दिवशी नमाज पढायची की नाही?

वडाळ्याची सून
माझं माहेर श्रीवर्धन, आम्ही शाफई. लग्न होऊन नाशिकला आले, सासर हनफी. दोन्ही सुन्नींचेच पंथ, पण पाळीत नमाज-रोजा किती दिवस बंद, याचे हिशोब वेगळे. पाळी सात दिवसांत आटपायची, म्हणून नऊ वर्षं काही अडलं नाही. (बाळंतपणात नमाज चाळीस दिवसांपर्यंत बंद की साठ, यावरून कुजबुज झाली, पण माझं पस्तिसाव्या दिवशीच थांबलं. सुटले.) दुसऱ्या मुलीनंतर कॉपर टी बसवली आणि आता तीन खेपा झाल्या, १२-१३ दिवस जातंय.

अकराव्या दिवशी सासूबाई म्हणतात, "दहा झाले, गुस्लची अंघोळ कर, नमाजीला उभी राहा." फोनवर अम्मी म्हणते, "पंधरापर्यंत मुसल्ल्याला हात लावू नकोस." रमजान तोंडावर आलाय. एकीच्या हिशोबाने रोजा सोडला तर गुनाह, दुसरीच्या हिशोबाने ठेवला तर गुनाह. कालनिर्णयवर दोन रंगांच्या खुणा करून डोकं फिरलंय.

मदरशातली बाजी
अगं, अम्मीचं शाफई हिशोबाने अगदी बरोबर. मी स्वतः हनफी, मुलींना हाच मसला शिकवते. आमच्यात हैज (पाळी) कमीत कमी ३ दिवस-रात्र, जास्तीत जास्त १०. शाफईत १ दिवस-रात्र ते १५. म्हणजे तुझे १३ च्या १३ दिवस हैज. त्यातल्या नमाजा माफ, रोजे रमजाननंतर कजा, म्हणजे भरून काढायचे. फक्त दोन पाळ्यांमध्ये किमान १५ दिवस पाकी हवी, म्हणून सुरू झाल्याची आणि थांबल्याची, दोन्ही तारखा लिही.

सासूबाईंनी मात्र अर्धंच सांगितलं. हनफीत रक्त १० च्या पुढे गेलं की आदतीवर, म्हणजे नेहमीच्या दिवसांवर, मागे यायचं. तुझी आदत ७, म्हणजे आठवा, नववा, दहावासुद्धा इस्तिहाजा (पाळीबाहेरचं रक्त), आणि त्या तीन दिवसांच्या नमाजा कजा करायच्या. घरोघरी नेमकं हेच विसरतात. इस्तिहाजात नमाज-रोजा चालूच, दर नमाजेच्या वक्ताला नवा वुजू (हात-तोंड-पाय धुणं).

लग्नाने मजहब, म्हणजे शाफई-हनफी हा पंथ, बदलत नाही. नमाज शाफई पद्धतीने पढतेस ना? मग यातही तेच. १५ ओलांडले तर शाफईतही रक्ताचा रंग, नाहीतर आदत बघतात. तशी वेळ आली तर तारखा घेऊन शाफई आलिमाकडे जा.

भद्रकालीवाला
रमजानात हनफी, एरवी शाफई. रोजे वाचतील, वहिनी.

मदरशातली बाजी
भाऊ, एकाच बाईला महिन्यागणिक वेगळी फूटपट्टी लावायची का?

रात्रपाळीची सिस्टर
मसल्यातलं मला कळत नाही, पण कॉपर टी बसवल्यावर पहिले ३ ते ६ महिने जास्त जाणं नेहमीचं आहे. तरी १३ दिवस जातंय तर रोज्यांआधी हिमोग्लोबिन तपासून घे. चक्कर येत असेल किंवा तासाला पॅड बदलावं लागत असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा.

वडाळ्याची सून
हिमोग्लोबिन ९.४ आलंय, गोळ्या सुरू केल्या. बाजी, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. आठव्या-नवव्या-दहाव्यापाशी थांबवलं मला, दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "माझ्या धाकट्याच्या आधी असंच दोन वर्षं चाललं होतं गं." आता वही घेऊन बसल्यात, कजा नमाजा मोजतायत.