हाताने ठोकून तांब्याचं भांडं घडवायला शिकायचं आहे, बजेट ३,००० (साकोली, जि. भंडारा)

धानवाली_साकोली
नमस्कार. धानाची मळणी आटोपली, आता दोन महिने हात मोकळे आहेत. तांब्याची वाटी, जमलं तर पुढे गडवा, हाताने ठोकून घडवायला शिकायचं आहे. घरी बाबांची गोल तोंडाची हातोडी आणि बाभळीचा ओंडका आहे. ३,००० च्या वर एक रुपयाही नाही. आजीचा तांब्याचा गुंड काठाला फाटला आहे, तो मोडीत द्यावा की त्यावर शिकावं? ऐरण लागतेच का? ज्यांनी स्वतः केलं त्यांनी सांगा.

भाता_कोळसा
ऐरण घे ताई, बाकी सारं मागून. मी दोन वर्षांआधी चाळीस किलोची घेतली, आठ हजार गेले, पण आज माह्या गावात तशी कोणाकडे नाही. हलकी घेशील तर ठोक्यागणिक नाचते. अन् गुंड मोडीत दे, नवा पत्रा घे.

धानवाली_साकोली
दादा, बजेट तीन हजार आहे.

भाता_कोळसा
थोडं थांब, पैसे जमव, पण ऐरण चांगलीच घे.

वर्धेचा_वेल्डर
ऐरणीची घाई नको. वाटीला खड्डा लागतो. ओंडक्याच्या माथ्यावर चारेक इंच रुंद, इंचभर खोल खळगा कोर, त्यावर पत्र्याची गोल कापलेली चकती धरून काठाकडून आत गोल गोल ठोकत ये. माझी चूक सांगतो. पहिल्यांदा पितळेचं ताट घेतलं, लालभडक केलं आणि सरळ बादलीत टाकलं. तडा गेला. घरच्या लग्नातलं ताट होतं, अजून वाईट वाटतं. पितळ हवेतच निवू द्यायचं. तू तांब्यावरच शीक. पत्रा नवा, २० गेज जाडीचा.

भाता_कोळसा
पाण्यात टाकलं की धातू कडकच होते. तांबंही टाकू नको.

वर्धेचा_वेल्डर
ते पोलादाचं, दादा. विळ्याला पाणी पाजतो म्हणून तो कडक होतो. तांबं तापल्याने नरम होतं, मग पाण्यात टाका की हवेत ठेवा, नरमच राहतं. पाण्यात टाकल्याने काळी पापडी सुटते, तेवढा फायदा.

भाता_कोळसा
तीस वर्षं भाता चालवून रायलो मी.

पुण्यात_राहणारा_वऱ्हाडी
पुण्याची तांबट आळी एकदा पाहून या. तिथलं मठारकाम, म्हणजे भांड्यावर ओळीने उठलेले ठोके, मी तासभर उभा राहून पाहिलं. पंजाबातल्या जंडियाला गुरूच्या ठठेऱ्यांची भांडी घडवायची कला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आपल्या भंडाऱ्याच्या पितळेचं नाव कोणी घेत नाही, याचा मला राग येतो. आणि हो, पत्रा नवाच घ्या.

धानवाली_साकोली
पुण्याचं जाण्यायेण्याचं भाडंच माझं अर्धं बजेट आहे.

योजना_माहिती
पीएम विश्वकर्मा बघा. साहित्यासाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणाचे रोज ५००.

नवेगावची_मावशी
ती योजना आधीपासून तो धंदा करणाऱ्यांसाठी आहे, ही तर शिकणारी पोर. आणि बाई, तांब्यात दही, चिंच, कढी ठेवू नको, कल्हई लागते. माझ्या सासूबाई गंजाला, म्हणजे पातेल्याला, दर दिवाळीआधी कल्हई करून घ्यायच्या.

पितळीचं_घर_भंडारा
आमच्या घरी तीन पिढ्या भांडी ठोकली. मावशी कल्हईचं बरोबर बोलल्या. आता कामाचं ऐक.

हातोडीचं तोंड आधी पॉलिश पेपरने आरशासारखं कर. तोंडावरचा प्रत्येक ओरखडा तांब्यावर उमटतो. चकतीचा काठ कानशीने गुळगुळीत कर, फट तिथूनच सुरू होते. काठाला सुरकुत्या पडतीलच. त्या घडी होऊन एकमेकींवर बसण्याआधी लाकडी मोगरीने सपाट कर, एकदा घडी बसली की ते भांडं गेलं. तांबं सायंकाळच्या अंधुकात तापव, उन्हात रंग कळत नाही. मंद लाल दिसलं की बस. मग चिंचेच्या पाण्यात घास.

कधी तापवायचं, हे कानाने कळतं. नरम तांबं ठोक्याला बद्द बोलतं, ठोकून ठोकून कडक झालं की टणटण करतं. टणटण ऐकूनही मारत राहिलीस तर फाटेल. माझे वडील पाठ करून बसायचे आणि आवाजावरून मला थांबवायचे.

चकतीचा हिशेब: अर्ध्या गोळ्यासारखी वाटी हवी तर तोंडाच्या जवळपास दीडपट चकती. सहा इंची चकतीतून सव्वाचार इंची वाटी. गुंड वापरू नको, जुन्यात झाळ असते, म्हणजे सांधा जोडायला वितळवून भरलेला दुसरा धातू. भंडाऱ्याला येऊन एखाद्या कारागिराजवळ चार दिवस बस.

वर्धेचा_वेल्डर
हेच म्हणत होतो. नवा पत्रा.

धानवाली_साकोली
सगळ्यांचे आभार. मी गुंडच वापरते आहे. काल नीट पाहिला. झाळ फक्त मानेशी आहे, आत कल्हई कधीच नव्हती, पाणीच भरायचो. खालचं अंग फोडणीच्या पळीसारखं जाड आहे. सहा इंची चकती निघाली. ओंडक्यात खळगा कोरला, हातोडी घासली, पॉलिश पेपर आणि मोगरी मिळून २६० रुपये झाले. उरलेल्या पैशातून भंडाऱ्याला चार फेऱ्या करीन. आजीने चकती हातात धरून बघितली आणि विचारलं, वाटी केव्हा होते.

आज सायंकाळी पहिल्यांदा तापवते.

पितळीचं_घर_भंडारा
मानेपासून दोन बोटं सोडूनच कापलंस ना? झाळेचा कण राहिला तर तापल्यावर तांब्याला भोक पडतं. तापवण्याआधी काठ पुन्हा एकदा उजेडात बघ.