मदत हवी आहे: सीओ मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू का?

नमस्कार मंडळी. आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात श्वासातला कार्बन मोनॉक्साइड (सीओ, बिडीच्या धुरातून येणारा वायू) मोजायचं मीटर आहे. काल एका काकांनी 15 सेकंद श्वास रोखून फुंकर मारली, आकडा आला 14 पीपीएम (दहा लाख भागांत 14), म्हणजे बिडी ओढणाऱ्यासारखा. "ताई, दीड महिना बिडीला हात लावला नाही हो," म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. घरात धुराची चूलही नाही. पण त्यांना दूध पचत नाही; न पचलेल्या दुधामुळे पोटात हायड्रोजन तयार होतो, आणि श्वासातल्या हायड्रोजनने मीटरमधला असा इलेक्ट्रोकेमिकल (रासायनिक क्रियेतून वायू ओळखणारा) सेन्सर फसतो. शिवाय सॅनिटायझरची बाटली मीटरला खेटूनच होती (त्यातल्या अल्कोहोलच्या वाफेनेही सेन्सर फसू शकतो), आणि कॅलिब्रेशनची (माहीत प्रमाणाचा गॅस देऊन मीटर जुळवण्याची) नोंद सापडत नाही. नेमका दोष कशात, हे कसं ओळखायचं? कॅलिब्रेशनचा गॅस तालुक्याच्या गावी कुठून मागवता? काका सोमवारी परत येणार आहेत.